मिठाची तहान

नवरात्र-दिवाळीच्या सुमारास मालवण-वेंगुर्ल्याकडच्या किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढले जाते आणि बांगडा टोपल्यांनी मोजता येणार नाही इतका येतो, तेव्हा जो त्याच दिवशी विकला जाणार नाही तो घेऊन बायका होड्यांच्या आडोशाला खारवायला बसतात. त्यांच्या हातांखालून जाणारे हे काम पाहणाऱ्याला इतके साधे भासते की, त्यात काही इतिहास दडलेला असेल आणि तो राज्याराज्यांतील तहनाम्यांपर्यंत नि पॅरिसमधल्या प्रयोगांपर्यंत जाऊन पोहोचत असेल, असा संशयही त्याच्या मनाला शिवत नाही. मासा चिरायचा, पोटातली घाण आणि कल्ले काढून टाकायचे, समुद्राच्या पाण्यात खळबळून घ्यायचा, चिरेत जाडे मीठ दाबून भरायचे, आणि पिंपात एक थर माशांचा व एक थर मिठाचा असे करीत ते भरत आणून वर दगडाचे वजन ठेवायचे, एवढाच काय तो खटाटोप. तीन भाग मासळीला एक भाग मीठ हे त्याचे स्थूल प्रमाण. पण ते तराजूने मोजलेले मी कधी पाहिले नाही, मुठीनेच मोजलेले पाहिले. दुसऱ्या दिवशी दगड बाजूला सारून पाहावे तर मीठ पुष्कळसे दिसेनासे झालेले असते, मासे आक्रसून घट्ट झालेले असतात आणि त्यांच्यावर तांबूस, जिभेला झोंबणारे खारट पाणी चढलेले असते. रात्री त्या पिंपात कोणी पाण्याचा एक थेंबही ओतलेला नसतो.

हे पाणी आले कोठून, असे त्या बायकांना विचारले तर त्या म्हणतात, मिठाने पाणी सुटले. आणि हेच शब्द घाटावरची गृहिणी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवताना वापरते, हेच काकडीच्या कोशिंबिरीला आधी मीठ घालून ठेवणाऱ्या मुलीला तिची आई सांगते. शाळेतील पुस्तके ह्या क्रियेला परासरण म्हणतात. जुने ग्रंथकार तिला तर्षण असेही म्हणत, आणि मला स्वतःला तो शब्द अधिक आवडतो, कारण तर्ष म्हणजे तहान, आणि जिथे तहान अधिक तिकडे पाणी जाते, हे ह्या साऱ्या व्यापाराचे मर्म त्या एका शब्दात आले आहे. माशाचे, कैरीचे अथवा माणसाचे शरीर ज्या सूक्ष्म पेशींचे बनलेले असते, त्यांतील प्रत्येक पेशीभोवती मिलिमीटरच्या एक लक्षांशाहूनही पातळ असे एक पटल असते. हे पटल पाण्याला वाट देते. मिठाला व साखरेला सहजासहजी देत नाही. पाण्याचे कण त्यातून अखंड ये-जा करीत असतात. दोन्ही बाजूंना विरघळलेल्या द्रव्याचे प्रमाण सारखे असेल तर जितके जातात तितकेच येतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही घडते आहे असे वाटतच नाही. परंतु एका बाजूला मीठ वाढले की त्या बाजूच्या पाण्याचे मोकळे कण कमी होतात, तिकडून परत येणाऱ्यांची संख्या घटते, आणि जाणारे मात्र पूर्वीच्याच संख्येने जात राहतात. मीठ हात लांबवून पाणी ओढून घेत नाही. गेलेले पाणी परतत नाही, आणि ह्या न परतण्याचाच हिशेब रात्रभरात पिंपाच्या तळाशी साठतो.

बांगड्याच्या बाबतीत ही तफावत केवढी आहे ते पाहण्यासारखे आहे. त्याच्या रक्तामांसातील क्षारांचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास; ज्या समुद्रात तो आयुष्यभर पोहला त्याचे शेकडा साडेतीन; आणि पिंपातले मीठ माशाच्या ओलाव्यात विरघळून जे संपृक्त पाणी तयार होते त्याचे शेकडा सव्वीस. म्हणजे जिवंतपणी सुद्धा बांगडा त्याच्याहून तहानलेल्या पाण्यात राहत असतो, त्याच्या अंगातले पाणी समुद्र सतत घेत असतो, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो व नको असलेले मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. पाण्याने वेढलेला हा प्राणी पाणी राखण्यासाठी जन्मभर झटत असतो. जाळ्यात आल्यावर ही झटापट थांबते आणि जे समुद्राला जन्मभर साधले नाही ते मीठ एका रात्रीत साधते. अर्थात हे सारे काम पटलाचेच आहे असे समजणे बरोबर होणार नाही. मेलेल्या माशाची पटले काही काळच टिकून राहतात. ती फुटली की बाहेरचे मीठ आत शिरू लागते, आणि दोन-तीन दिवसांत मांस व खारे पाणी ह्यांचा समतोल होतो. मात्र मासा टिकतो तो ह्या सर्वाहून लहान अशा एका जिवाच्या तहानेमुळे. मांस कुजविणारा जंतू हीसुद्धा एक पेशीच होय. तिच्यातलेही पाणी मिठाकडे जाते, ती आक्रसते, तिची वाढ खुंटते. मिठागरातल्या तीव्र खारात जगण्याची सवय झालेले काही जंतू असतात, आणि नीट न वाळलेल्या खाऱ्या मासळीवर कधी कधी जी गुलाबी-तांबडी झाक चढते ती त्यांची असते.

युरोपात ह्या क्रियेकडे विद्वानांचे लक्ष गेले ते मासळीमुळे नव्हे, मद्यार्कामुळे. १७४८ साली पॅरिसमध्ये झाँ-आंत्वान नोले नावाचा एक धर्मोपदेशक-पदार्थवैज्ञानिक द्रव उकळताना त्यातून निघणाऱ्या बुडबुड्यांचा अभ्यास करीत होता. मद्यार्काला हवेचा स्पर्श होऊ नये म्हणून त्याने त्याची कुपी डुकराच्या मूत्राशयाच्या ओल्या कातड्याने बांधून पाण्यात बुडवून ठेवली. काही तासांनी पाहतो तो ते कातडे फुगून तट्ट झालेले! त्याने टाचणीने एक छिद्र पाडले आणि आतला द्रव कारंज्यासारखा फूटभर उंच उडाला. बाहेरचे पाणी कातड्यातून आत गेले होते, आणि आतला मद्यार्क तितक्या सुलभतेने बाहेर येऊ शकला नव्हता. नोलेने उलटही करून पाहिले, कुपीत पाणी व बाहेर मद्यार्क ठेवला, आणि कातडे आत खचलेले त्याला दिसले. हातात घेतलेल्या प्रश्नाशी ज्याचा काही संबंध नाही असे काही आकस्मिक दिसले तर ते बाजूला न टाकता त्याची चौकशी करणे, हा त्याचा गुण मला फार मोठा वाटतो.

त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षे हा प्रयोग विस्मृतीत पडल्यासारखा राहिला. १८२६ च्या सुमारास आंरी द्युत्रोशे ह्या फ्रेंच वैद्याने तोच व्यापार जिवंत शरीरात चालतो हे ओळखले, कोंबडीच्या आतड्याच्या पिशव्यांत निरनिराळे द्रव भरून त्या पाण्यात किती फुगतात ते मोजले, आणि ह्या क्रियेला ग्रीक भाषेतील ढकलणे ह्या अर्थाच्या शब्दावरून नाव दिले. भाषांचा स्वभाव कसा असतो पाहा: ग्रीक शब्दाच्या मते पाणी ढकलले जाते, संस्कृत शब्दाच्या मते ते तहानेकडे जाते, आणि मालवणच्या बाईच्या मते ते सुटते. पाण्याला आपण होऊन मोकळे होऊ देणारे ते तिसरे क्रियापद वस्तुस्थितीला सर्वांत जवळचे आहे, असे मला वाटते.

विद्वान ह्या शोधात गुंतलेले असताना आपल्या किनाऱ्यावर मिठाचा जो इतिहास घडत होता तो दफ्तरांतला आहे. मीठ ही सत्तेच्या नजरेतून कधीच न सुटलेली वस्तू. ह्या शोधांच्याही आधी, १६७१ साली, शिवाजी महाराजांनी कुडाळ प्रांताच्या सरसुभेदारास पाठविलेले मिठासंबंधीचे पत्र प्रसिद्धच आहे: पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे जातील आणि संगमेश्वराकडच्या मिठाचा उदीम बुडेल, सबब बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी की ते संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडावे, असा त्याचा आशय. कोकणच्या आगरांचा व त्यांवर पोट असणाऱ्या रयतेचा विचार जकातीचा दर ठरविताना करणारी ही दृष्टी होती. परमुलखातल्या मालाला आडकाठी करून स्वमुलखातला माल जगविणे हा तिचा हेतू होता. कंपनी सरकारने जी व्यवस्था पुढे आणली तिचा रोख नेमका उलटा, म्हणजे स्वमुलखातल्या मिठावरच होता. १८३७ साली मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे आठ आणे कर बसला. १८४४ साली तो रुपया झाला आणि त्या वाढीपायी सुरतेत दंगा झाला. पुढे त्यात चढउतार होत गेले, १८८२ साली तो बहुतेक हिंदुस्थानभर सरसहा दोन रुपये झाला, आणि १८८८ साली अडीच.

दोन रुपये मणामागे, हा आकडा मासे खारवणाऱ्याच्या घरात काय करीत असे, त्याचा हिशेब सोपा आहे. मिठागरावर मीठ तयार करायला मणामागे खर्च येई तो काही आण्यांचा. तीन मण बांगड्याला एक मण मीठ लागते. म्हणजे तीन मण बांगडा खारवायला घेतला की, तो विकला जावो वा कुजो, आधी दोन रुपये सरकारात भरायचे. घरातल्या भाजीत पडणारे मीठ चिमटीने मोजले जाते, म्हणून शहरातल्या माणसाला त्या कराचा बोजा कळत असला तरी तो वर्षभरात वाटला जाऊन कळे. रापणीवाल्याला तो एका सकाळी, एका ढिगाच्या रूपाने, डोळ्यांसमोर दिसे. त्याच्या दृष्टीने मीठ हे तोंडीलावणे नव्हते, पदरी ठेवलेला गडी होता. माशातले पाणी बाहेर काढणारा हा गडी दुसऱ्या कोणत्याही उपायाने बदलता येत नव्हता, आणि सरकारने नेमकी त्याच्याच मजुरीवर पट्टी बसविली होती.

मिठाच्या कराचे परिणाम सरकारच्याच एका अधिकाऱ्याने नोंदवून ठेवले आहेत. फ्रान्सिस डे हा मद्रासच्या सैन्यातला शल्यवैद्य. हिंदुस्थानातील मत्स्यांवर त्याने लिहिलेला सचित्र ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. १८७३ साली त्याने हिंदुस्थान व ब्रह्मदेश ह्यांच्या समुद्री मासेमारीवर अहवाल सादर केला. मिठाच्या करामुळे मासे नीट खारवले जात नाहीत, गरीब लोक अपुऱ्या मिठात अथवा खाऱ्या मातीत कसेबसे राखलेले मासे खातात, आणि खारवण्याकरिता तरी मीठ स्वस्त मिळाले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. ज्या दशकात हा अहवाल लिहिला गेला त्याच दशकात, १८७७ साली, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर ह्याने तर्षणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या भिंतीत एका ताम्रक्षाराचे पटल बसवून असे साधन सिद्ध केले की जे पाण्याला वाट देई आणि साखरेला अडवी. आणि शेकडा एक साखरेचे पाणी आत ठेवले असता सुमारे ५३ सेंटिमीटर पारा तोलून धरणारा दाब निर्माण होतो, हे मोजून दाखविले. बशीतल्या फिकट गोड पाण्यात एवढे बळ! ह्याच आकड्यांची वार्ता ह्यूगो द व्हरीस ह्या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने व्हान्ट हॉफ ह्या रसायनशास्त्रज्ञाला सांगितली. विरघळलेल्या कणांचा हा दाब वायूंच्याच नियमाने चालतो असे व्हान्ट हॉफने दाखविले, आणि रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्याला मिळाले. तेच गणित मिठाच्या संपृक्त पाण्याला लावले तर उत्तर तीनशे वातावरणांच्याही वर जाते. पिंपावर ठेवलेला दगड त्या मानाने काहीच नव्हे.

फेफरच्या ग्रंथानंतर वर्षभराने, १८७८ च्या डिसेंबरात, इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत तह झाला. १८८० पासून अंमलात आलेल्या ह्या तहाने गोव्यातल्या मिठाची व्यवस्था इंग्रजांच्या हाती गेली. स्वस्त गोमंतकी मीठ चोरवाटेने इंग्रजी मुलखात येते आणि महसूल बुडवते, हे त्यामागचे मुख्य कारण होते. गोव्याच्या खाजणकाठच्या मिठागरांवर पाळत बसली, पुष्कळ आगरे पडली, आणि १८९२ साली तह सुटला तेव्हा त्यांतली कितीतरी पुन्हा उभी राहिली नाहीत. १६७१ साली बारदेशच्या मिठाला जकातीने थोपविले होते ते शेजारच्या आगराला जगविण्यासाठी. दोनशे वर्षांनी ते जिथे पिकत होते तिथेच दाबले गेले, आणि तेही तिजोरीसाठी. ह्या दोन कृत्यांना इतिहासकाराने एकाच मापाने मोजू नये.

डे ह्याच्या आग्रहाला काही फळ आले. मासे खारवण्याची सरकारी आवारे निघाली, प्रथम मद्रासकडे आणि मग आपल्याकडे रत्नागिरी व कारवार जिल्ह्यांत. तिथे परवाना असलेल्या माणसाला आणलेल्या मासळीच्या मानाने मीठ करमाफीने वा नाममात्र दराने मिळे, पण ते कुंपणाबाहेर नेण्यास मनाई असे. मासे आत आणायचे, आतच खारवायचे, आणि कारकुनाच्या नोंदीनंतर न्यायचे. सोय म्हणून ही चांगली होती, हे मान्य केले पाहिजे. पण खारवण्याच्या कामात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. उन्हात पडलेल्या बांगड्याचे मांस काही तासांत सैल पडू लागते. जंतूंची वाढ आणि मिठाची तहान ह्यांची ती शर्यत असते. जे गाव आवारापासून दूर, तिथल्या मासळीची ही शर्यत वाटेतच हरली जाई. मीठ गावातच होते, खाडीकाठी उन्हाने आपोआप जमत होते, आणि ते उचलणे हा गुन्हा होता.

मिठाविना भागणारे मासे कोणते व न भागणारे कोणते, ह्यावर किनाऱ्याच्या त्या काळच्या अर्थकारणाचे बरेचसे रूप ठरले असावे असे मला वाटते. बोंबलाच्या अंगात शेकडा नव्वदच्या आसपास पाणीच असते, पण तो अंगाने बारीक व मांसाने विरळ असल्यामुळे बांबूच्या वलांडीवर दोऱ्यांना टांगला की वारा आणि ऊन त्याला मिठाविना वाळवतात. वसई-वर्सोव्याच्या कोळणींना त्याबद्दल कोणाच्या परवान्याची गरज पडली नाही. बांगडा तेलकट व जाड. तो नुसत्या उन्हाने बाहेरून वाळतो आणि आतून कुजतो, म्हणून त्याला मीठ लागतेच. आणि मोरीची गोष्ट तर वेगळीच. मोरी, म्हणजे लहान शार्क, समुद्राच्या तहानेवर एक निराळाच तोडगा काढून जगते: ती आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवते आणि त्यामुळे तिच्या आतल्या द्रवाची तहान समुद्राच्या बरोबरीला येते; मग तिला बांगड्यासारखे पाणी पीत राहावे लागत नाही. पण मेल्यावर ह्याच युरियाचा अमोनिया होऊ लागतो. मोरीला लवकर मीठ लागले नाही तर जो नाकात शिरणारा दर्प येतो तो तिच्या जिवंतपणीच्या युक्तीचा मागे राहिलेला अंश होय. आणि मोरी आणली की आधी मोरीला मीठ, मग बाकीच्यांना, हा कोळणीचा क्रम त्या ज्ञानावर उभा आहे, मग तिला युरिया हा शब्द ठाऊक असो वा नसो.

१९३० च्या मे महिन्यात ह्याच कराविरुद्ध शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. दांडीची कथा देशाने ऐकली आणि ती ऐकण्याजोगीच होती. पण वेंगुर्ल्याजवळच्या ह्या गावात मीठ उचलण्याला जो अर्थ होता तो किनाऱ्याच्या माणसालाच पुरता कळावा. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने मीठ जिथे बनते वा जमते तिथल्या रहिवाशांना घरापुरते व गावात विकण्यापुरते मीठ घेण्याची मुभा मिळाली, आणि १९४७ साली कर पूर्णपणे उठला. पाणी पेशीच्या पटलातून नेमके कोणत्या दाराने जाते, ह्याचा उलगडा व्हायला त्यानंतरही जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. १९९२ साली अमेरिकेत पीटर अ‍ॅग्री व त्याच्या सहकाऱ्यांनी रक्तपेशीत सापडलेले एक प्रथिन बेडकाच्या अंड्यात निर्माण करविले आणि ती अंडी क्षारहीन पाण्यासारख्या पातळ द्रवात ठेवली, तेव्हा ती फुगून फुटली. ज्यांत ते प्रथिन नव्हते ती जशीच्या तशी राहिली. पाण्याचे ते दार एका सेकंदाला अब्जावधी कण एकामागून एक सोडते. ह्या कामासाठी अ‍ॅग्रीला २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता माझी एक विनंती आहे. सरकारी आवारांत किती मण ओली मासळी आली आणि तिला किती मण मीठ दिले ह्याच्या नोंदी इंग्रजी अमदानीच्या मीठखात्याच्या वार्षिक अहवालांत आहेत. त्यांवरून वर्षावर्षाचे प्रमाण काढता येईल, आणि कर चढला तेव्हा मिठाची मूठ किती आखडली तेही कदाचित दिसेल. मालवण, देवगड, वेंगुर्ले ह्या बाजूला खारा बांगडा करणाऱ्या वयस्क बायका अजून आहेत. शंभर बांगड्यांना किती मुठी, मोठ्या माशाला किती, पावसाळ्याच्या बेगमीला किती आणि लगेच विकायच्याला किती, हे त्यांना विचारले तर त्या विचार न करता सांगतात. ज्यांना दफ्तरखान्यात बसण्याची सवड आहे त्यांनी ते अहवाल उतरून घ्यावेत, आणि ज्यांचे गाव त्या किनाऱ्यावर आहे त्यांनी सुट्टीत एखाद्या पिंपाजवळ बसून त्या मुठी मोजून लिहून ठेवाव्यात.